बाटली मी वाचतो, सुई तू वाच

वॉर्डात नव्यानं लागलेल्या मुली हा प्रश्न हमखास विचारतात. नाइट ड्युटीत, दोनच्या सुमाराला, चहा झाल्यावर, आवाज खाली करून. "सिस्टर, तुमच्याकडून ते झालं, त्यानंतर तुम्ही पुन्हा इंजेक्शन हातात कसं घेतलंत?" मी सांगायला लागते, तेवढ्यात कुठल्या तरी बेडची बेल वाजते आणि निम्मं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सलग सांगते.

२०१६ सालची, दिवाळीच्या आधीची गोष्ट. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल वॉर्डला होते, नोकरीचं बारावं वर्ष. एका आजोबांना रात्री दहाला ग्लार्जिन इन्शुलिन २० युनिट लिहिलं होतं. आता हे नीट समजून घ्या. आपल्याकडे वॉर्डात नेहमी असते ती इन्शुलिनची व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, एका मिलिलिटरला ४० युनिटवाली, तिची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन येतं मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याला केशरी टोपीची सिरिंज. टोपी काढून टाकली की दोन्ही सिरिंज जवळजवळ सारख्या दिसतात, फरक रेघांवरच्या आकड्यांचा. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून नवी व्हायल आणून दिली होती. मी ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज उचलली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. म्हणजे अर्धा मिलिलिटर. ४० च्या व्हायलमधून तेवढं काढलं तर २० युनिट होतात, १०० च्या व्हायलमधून ५० होतात. अडीच पट डोस गेला, आणि मी केस पेपरवर २० लिहून सही केली.

पहाटे चारला त्यांच्या बायकोनं हाक मारली. आजोबा घामानं चिंब, असंबद्ध बोलत होते. शुगर ४१, धोक्याइतकी कमी. डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून ग्लुकोज, द्यायला सांगितलं, मग १० टक्क्यांचं ड्रिप लावलं. ते शुद्धीवर आले, पण ग्लार्जिनचा असर जवळजवळ चोवीस तास राहतो, त्यामुळे पुढचा दिवसभर दर तासाला बोट टोचावं लागलं. कारण शोधताना डस्टबिनमधली सिरिंज आणि फ्रिजमधली व्हायल मीच शेजारी-शेजारी धरून पाहिली. तो क्षण अजून तसाच्या तसा आठवतो. व्हायल गार होती आणि माझ्या बोटांना ती धरवत नव्हती.

आजोबा चौथ्या दिवशी घरी गेले. मी त्यांच्यासमोर आणि त्यांच्या बायकोसमोर जाऊन चूक सांगितली, माफी मागितली. आजोबांनी मान हलवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तो त्यांचा हक्कच होता.

मला मेमो मिळाला, खुलासा लिहून घेतला आणि ओपीडीला बदली झाली. वजन, बीपी, नंबर पुकारणं. मैत्रिणी म्हणायच्या, "होतं गं, विसरून जा." त्यांचं प्रेम होतं, पण तो सल्ला चुकीचा होता, हे मी आज ठामपणे सांगते. विसरायला गेले की ती सिरिंज जास्तच दिसायची. घरी गॅसचा नॉब तीन-तीनदा बघायचे. बीपी घेऊन कागदावर लिहिलं की पुन्हा मशीनकडे बघायचे. माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पुढे एका प्रशिक्षणात 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे 'दुसरा बळी', हा शब्द ऐकला. चुकीचा धक्का बसलेल्या डॉक्टर-नर्सला उद्देशून अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली तो वापरला. आपली अवस्था जगात कोणीतरी ओळखली आहे, याचा मला फार आधार वाटला. पण तो शब्द मी स्वतःला लावत नाही. चुकांमध्ये ज्यांची माणसं गेली अशा कुटुंबांनी त्यावर हरकत घेतली आहे आणि मला त्यांचं पटतं. सोसलं ते आजोबांनी.

मला खरं सावरलं ते माझ्या सासऱ्यांनी. नानांना पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन वेळा मिक्स इन्शुलिन, आणि घरात ते मीच द्यायचे. त्या रात्रीनंतर मी ते काम यांच्याकडे सोपवलं. महिनाभर नाना काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी हे यायला उशीर झाला. नाना कॉटवर बसून व्हायल दोन्ही तळव्यांत हलकेच घोळवत होते, मीच शिकवलं होतं तसं. म्हणाले, "सूनबाई, ये इकडं." मी म्हटलं, "नाना, मला नाही जमणार." त्यांनी चष्मा लावला, बाटली बल्बखाली धरली आणि मोठ्यांदा वाचलं, "चाळीस. बाटली मी वाचतो, सुई तू वाच." मी सिरिंज वाचली. चाळीसची, लाल टोपी. "किती भरलंस?" "अठरा." "दाखव." त्यांनी रेघ बघितली आणि पोटावरचा सदरा वर केला. माझा हात थरथरत होता. त्यांना तो दिसत होता, तरी ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज दोन वेळा तेच.

चार महिन्यांनी वॉर्डात परत आले, तेव्हा इन्चार्ज सिस्टरना मी हे सांगितलं. त्यांनी इन्शुलिनपुरता तो नियमच केला: एकीनं भरायचं, दुसरीनं व्हायल आणि सिरिंज दोन्ही वाचून दाखवायचं, मगच टोचायचं. लाल आणि केशरी सिरिंज वेगळ्या ड्रॉवरमध्ये. केस पेपरवर नुसतं इंग्रजी 'U' लिहायचं नाही, घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं. 'युनिट' पूर्ण लिहायचं. यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नियम सगळ्यांना होता. तपासणी फक्त माझ्या एकटीची झाली असती, तर मी कायम आरोपीच राहिले असते. वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरसुद्धा जेव्हा व्हायल माझ्यासमोर धरून "वाच गं" म्हणाल्या, तेव्हा माझी मान जरा वर आली.

भीती गेली का, असं विचारता. नाही गेली. पूर्वी मला माझ्या वेगाचा अभिमान होता, राऊंडची औषधं सगळ्यांत आधी माझी व्हायची. तो आत्मविश्वास परत आलेला नाही आणि मी त्याची वाटही बघत नाही. आता मी व्हायल हातात घेतली की आकडा तोंडानं म्हणते, वॉर्ड भरलेला असला तरी.

गेल्या वर्षी एका मुलीकडून ड्रिपचा वेग चुकला. पेशंटला काही झालं नाही. मी गेले तेव्हा ती स्टोअररूममध्ये भिंतीला टेकून उभी होती. रिपोर्ट तिनं स्वतः लिहिला, मी शेजारी बसून राहिले. उद्यापासून मला ओपीडीला टाका, असं ती रडत म्हणत होती. मी नाही टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या इन्शुलिनच्या वेळी ट्रे तिच्या हातात दिला आणि व्हायल मी घेतली.