शाळेत असताना घेतलेला कॉलेजचा कोर्स आणि त्याची दोन गुणपत्रके

नाशिकमधल्या अनेक घरांतली मुले-मुली अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि आता त्यांची मुले तिथल्या हायस्कुलात शिकत आहेत. गंगापूर रोडला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या समवयस्कांत नातवंडांच्या अभ्यासाचा विषय रोज निघतो आणि अलीकडे त्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते: "नात अजून अकरावीत आहे, पण कॉलेजचा कोर्स करते." हे ऐकून कौतुक वाटते आणि ते वाटायलाच हवे. मात्र त्या कोर्सची श्रेणी कुठे नोंदली जाते आणि किती वर्षे सोबत राहते, हे आजी-आजोबांनाच नव्हे, तर अनेकदा मुलीच्या आईवडिलांनाही पुरते ठाऊक नसते. मी बरीच वर्षे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवले. यंदा माझ्या भाचीच्या मुलीसमोर हाच प्रश्न आला. ती कॅलिफोर्नियात अकरावीत आहे. त्या निमित्ताने आम्ही तिघांनी नियम नीट वाचून काढले. त्यातून जे समजले, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

तिथले हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते आणि चारही वर्षांच्या श्रेणी विद्यार्थ्याच्या नोंदीत राहतात. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की नववीचे गुण कोणी विचारत नाही. तिथे नववीच्या पहिल्या सत्रातली श्रेणीसुद्धा विद्यापीठाच्या प्रवेश अधिकाऱ्यापुढे जाते. या चार वर्षांत असतानाच विद्यार्थ्याने कॉलेजचा विषय घ्यायचा आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचे श्रेयांक, शाळा व कॉलेज या दोन्हींकडे मिळवायचे, या व्यवस्थेला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये यासाठी कायदा केला आणि राज्यभर अशी योजना राबवणारे ते पहिले राज्य ठरले. कोर्स बहुधा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक कॉलेजात) किंवा त्याच्या ऑनलाइन वर्गात होतो. काही ठिकाणी शाळेतलाच पात्र शिक्षक कॉलेजचा अभ्यासक्रम शाळेतच शिकवतो. वर्ग शाळेच्या इमारतीत भरला, तरी नोंद कॉलेजचीच होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या एका कोर्समुळे दोन गुणपत्रके तयार होतात. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सर्व विषयांच्या एकत्रित गुणपत्रकावर, तो विषय आणि त्याची श्रेणी येते, आणि कॉलेज स्वतःचे स्वतंत्र ट्रान्सक्रिप्ट सुरू करते. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असली, तरी कॉलेजच्या दप्तरी ती विद्यार्थिनी झालेली असते आणि तिथली नोंद कायमची असते. पुढे ती कोणत्याही विद्यापीठात अर्ज करो, आधी कुठल्या कॉलेजात कोर्स केले हे अर्जात विचारले जाते आणि तिथले ट्रान्सक्रिप्ट मागवले जाते. श्रेणी आवडली नाही म्हणून तो कोर्स अर्जातून वगळण्याची मुभा नसते. वगळला आणि पुढे उघडकीस आले, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

येथे थोडे गणित मांडतो, कारण माझ्या मते बहुतेकांचा घोळ याच ठिकाणी होतो. तिथे 'ए' म्हणजे ४, 'बी' म्हणजे ३, 'सी' म्हणजे २ असे अंक धरून सरासरी काढतात आणि तिला जीपीए म्हणतात. समजा, एका सत्रात पाच विषय आहेत, शाळेच्या चार विषयांत 'ए' आहे आणि कॉलेजच्या एका विषयात 'सी'. शाळेची साधी सरासरी १८ भागिले ५, म्हणजे ३.६ येते. शाळा जर कॉलेजच्या कोर्सला एक अंक वाढवून देत असेल, तर त्या 'सी'चे ३ होतात आणि सरासरी ३.८ होते. एवढ्यावरून कोणीही म्हणेल की फारसे बिघडलेले नाही. पण कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर ते चार 'ए' नसतातच. तिथे एकच विषय आहे, म्हणून सरासरी थेट २.० दिसते, आणि अनेक कॉलेजांत विद्यार्थी समाधानकारक प्रगती करतो आहे असे मानण्याची किमान रेषा तीच असते. शिवाय कॉलेजची सरासरी क्रेडिटांच्या भारानुसार निघते. तीन क्रेडिटांच्या कोर्सला 'ए' आणि पाच क्रेडिटांच्या कॅल्क्युलसला 'सी' मिळाला, तर १२ आणि १० मिळून २२ होतात, त्याला ८ ने भागले की २.७५. 'ए' आणि 'सी' यांचा मध्य 'बी', म्हणजे ३ यायला हवा, असे मनात धरणाऱ्याला हा आकडा चकित करतो.

वाढीव अंक देण्याचा नियम सगळीकडे सारखा नाही. फ्लोरिडात कायद्यानेच ड्युअल एनरोलमेंटच्या कोर्सना एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-पातळीच्या) कोर्सइतकाच भार द्यावा लागतो. अन्य अनेक राज्यांत तो निर्णय स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, घेतो, म्हणून शेजारच्या दोन गावांतही फरक आढळतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर शाळेने काढलेला जीपीए बाजूला ठेवून स्वतःचा काढते. तिच्या हिशेबात विद्यापीठाने मान्य केलेल्या कॉलेज कोर्सला 'ए', 'बी' किंवा 'सी' मिळाल्यास एक अंक वाढतो, 'डी'ला मात्र वाढत नाही, आणि अशा वाढीव अंकांवर आठ सत्रांची मर्यादा आहे. त्याच विद्यापीठाच्या नियमानुसार तीन सेमिस्टर क्रेडिटांचा कॉलेज कोर्स विषयाच्या पूर्ततेसाठी शाळेच्या पूर्ण वर्षाइतका धरला जातो. एका सत्रात एका वर्षाचे काम उरकते हे आकर्षण खरे आहे. पण मग वर्षभराची श्रेणीही त्या चार महिन्यांतच ठरून जाते, ही बाजू कोणी फारशी सांगत नाही.

एपी आणि ड्युअल एनरोलमेंट यांतला फरकही येथेच समजून घेतला पाहिजे. एपीमध्ये शाळेच्या वर्गाची श्रेणी वेगळी असते आणि मे महिन्यातल्या परीक्षेचा १ ते ५ मधला गुण वेगळा असतो. परीक्षा वाईट गेली, तर क्रेडिट मिळत नाही, पण ट्रान्सक्रिप्टवरची श्रेणी बदलत नाही. कॉलेजच्या कोर्समध्ये अशी दोन खाती नसतात. सत्रभराच्या कामातून जी श्रेणी निघते, तीच क्रेडिट ठरवते आणि तीच कायम राहते.

नाशिकच्या पालकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो, ती परीक्षेच्या सवयीबद्दल. आपली बारावी फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या पेपरभोवती उभी आहे. दिवाळीपर्यंत मागे राहिलेला मुलगा जानेवारीत झडझडून अभ्यासाला लागतो आणि चांगले गुण मिळवतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे, आणि त्या मुलांच्या कष्टांचे मला कौतुकही आहे. पण कम्युनिटी कॉलेजच्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी प्राध्यापक एक लेखी आराखडा देतात. गृहपाठाला किती टक्के, छोट्या चाचण्यांना किती, मध्यसत्राला किती, शेवटच्या परीक्षेला किती, उशिरा दिलेल्या कामाचे काय होणार, हे सारे त्यात असते. शेवटच्या परीक्षेला ३० टक्के असतील आणि उरलेल्या ७० पैकी निम्मे हातचे गेले असतील, तर शेवटची परीक्षा पूर्णच्या पूर्ण गुणांची लिहिली तरी बेरीज ६५ टक्क्यांवर थांबते, आणि बहुतेक ठिकाणी ते 'डी' असते. "शेवटी सांभाळून घेऊ" हा आपला दिलासा तिथे कामाचा नाही.

मग कोर्स जड जाऊ लागला, तर काय करावे? माझ्या भाचीने हाच प्रश्न विचारला. "मामा, नाही झेपलं तर मध्येच सोडता येईल ना?" सोडता येतो, पण कधी सोडला यावर सारे अवलंबून असते. सत्राच्या सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत नाव काढून घेतले, तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही. त्या मुदतीनंतर आणि पुढच्या मुदतीआधी सोडला, तर 'डब्ल्यू' असे अक्षर उमटते. जीपीएच्या सरासरीत ते धरत नाहीत, पण कायमचे दिसते. दुसरी मुदतही टळली, तर जी श्रेणी पदरात पडेल ती घ्यावी लागते, आणि नुसते वर्गात जाणे बंद केले, तर बहुधा 'एफ' मिळतो. माझ्या मते एखादा 'डब्ल्यू' ही घाबरण्याची गोष्ट नाही. 'डी' किंवा 'एफ'पेक्षा तो केव्हाही बरा. पण त्याचा एक परिणाम फार उशिरा जाणवतो. पुढे पदवीच्या शिक्षणासाठी सरकारी आर्थिक मदत घ्यायची असेल, तर घेतलेल्या एकूण क्रेडिटांपैकी किती पूर्ण केली हे पाहिले जाते, आणि अनेक कॉलेजांत ही मर्यादा ६७ टक्के असते. चार-चार क्रेडिटांचे दोन कोर्स घेऊन एक सोडला, तर पूर्णतेचे प्रमाण ५० टक्केच उरते. शाळेत असताना घेतलेली आणि पुढच्या कॉलेजाने स्वीकारलेली क्रेडिटेही या हिशेबात येतात.

कॉलेज बदलले की क्रेडिट पुढे जाते, पण श्रेणी सहसा जात नाही. नव्या विद्यापीठाचा जीपीए शून्यापासून सुरू होतो. यामुळे काही जण निर्धास्त होतात. परंतु मुलगी जर त्याच कॉलेजात पुढे शिकणार असेल, तर अकरावीतला तो 'सी' तिच्या पदवीच्या सरासरीत बसतो. आणि ज्या घरात मुलीला डॉक्टर करायचे स्वप्न आहे, तिथे तर ही गोष्ट अगोदरच ठाऊक असायला हवी. अमेरिकेतल्या बहुतांश वैद्यकीय महाविद्यालयांचे अर्ज ज्या मध्यवर्ती सेवेमार्फत जातात, ती हायस्कुलात असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सच्या श्रेणीही आपल्या सरासरीत धरते. सोळाव्या वर्षी घेतलेले रसायनशास्त्र बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येते. याउलट काही नामांकित खाजगी विद्यापीठे शाळेच्या पूर्ततेसाठी वापरलेल्या कॉलेज कोर्सला क्रेडिट देतच नाहीत. म्हणजे फी वाचेल, पदवी लवकर होईल या हिशेबाने घेतलेला कोर्स तिथे केवळ श्रेणी म्हणून उरतो.

पालकांच्या दृष्टीने आणखी एक बदल होतो. अमेरिकी कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की त्या नोंदींवरचा हक्क, वय कितीही असो, त्याचा स्वतःचा होतो. आईने प्राध्यापकांना फोन करून "ती कशी करते आहे?" असे विचारले, तर ते उत्तर द्यायला बांधील नसतात. शाळा आपल्याकडची माहिती पालकांना देऊ शकते आणि करासाठी अवलंबून असलेल्या मुलांच्या बाबतीत कॉलेजही देऊ शकते, पण विचारले की सांगितलेच पाहिजे असे नाही. म्हणून मुलीने स्वतःच दर आठवड्याला गुण घरी दाखवावेत, असे आमच्यात ठरले.

आपल्याकडे अकरावी-बारावीतल्या मुलांवर अजून ही वेळ आलेली नाही. बारावीच्या गुणपत्रिकेवर बोर्डाचेच गुण असतात, आणि अभियांत्रिकीचा प्रवेश मुख्यतः सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतो. एखाद्या मुलाने स्वयम् पोर्टलवरचा कोर्स केला, तर त्याचे प्रमाणपत्र वेगळे राहते. पण २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय शिक्षणही धरलेले आहे, वर्षाचे १,२०० तास आणि ४० क्रेडिटे असा त्याचा हिशेब आहे, आणि ती क्रेडिटे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये साठवली जावीत अशी कल्पना आहे. ही व्यवस्था नाशिकच्या ज्युनिअर कॉलेजांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल, तेव्हा शाळेच्या वयात मिळवलेल्या श्रेणीची नोंद पुढे किती काळ न्यायची, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल. तो नियम करणाऱ्यांनी मुलांना चुकण्याची थोडी जागा ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

भाचीच्या मुलीचा निर्णय आम्ही तिच्यावरच सोडला. तिच्या मनात कॅल्क्युलस आणि मानसशास्त्र असे दोन कोर्स होते. "आजोबा, मैत्रिणी दोन-दोन घेताहेत," असे ती म्हणत होती. मी तिला एवढेच विचारले की ज्या सत्रात शाळेचे पाच विषय आणि संध्याकाळचा नृत्याचा सराव आहे, त्यात आठवड्याचे दहा-बारा तास कुठून काढशील. तिने स्वतः वेळापत्रक मांडून पाहिले आणि मानसशास्त्राचा तीन क्रेडिटांचा एकच कोर्स घेतला. कॅल्क्युलस तिने शाळेतल्या एपी वर्गात करायचे ठरवले. नाव नोंदवण्याआधी तिने शाळेच्या समुपदेशकांना ईमेल लिहून तीन गोष्टी लेखी मागवल्या: शाळेत या कोर्सला किती भार आहे, तो नेमकी कोणती आवश्यकता पूर्ण करतो, आणि नाव काढून घेण्याची बिनानोंदीची शेवटची तारीख कोणती.

आणखी एक बारीकसे काम पालकांच्या ध्यानातून सुटते, म्हणून लिहून ठेवतो. शाळा आपले अंतिम ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाला पाठवते, तेव्हा कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट त्यासोबत आपोआप जात नाही. विद्यार्थ्याने कॉलेजकडे वेगळी विनंती करून ते अधिकृतपणे पाठवायचे असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी प्रवेश स्वीकारल्यानंतर अंतिम ट्रान्सक्रिप्टची मुदत १ जुलै असते. शेवटच्या सत्रात कोर्स घेतला असेल, तर त्याची श्रेणी नोंदली गेली आहे याची खात्री करून मगच ही विनंती करावी, नाहीतर अपुरे ट्रान्सक्रिप्ट पोहोचते आणि पुन्हा मागवावे लागते.