‘फाइन, थँक यू’च्या पलीकडे

मोठ्यांच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात भावनांचा धडा सोपा समजतात. पुस्तकात चेहऱ्यांची चित्रं, खाली शब्द: स्ट्रेस्ड, अँक्शस, वरीड, नर्व्हस, एक्झॉस्टेड. जोड्या लावल्या की तास संपला. माझे बरेच सहकारी तो असाच उरकतात. मला ते कधीच पटलं नाही.

या शब्दांचा खरा उपयोग त्यांच्या मागेपुढे काय येतं यावर असतो. वरीडनंतर अबाउट आलं की काळजी कशाची, ते सांगावंच लागतं. ओव्हरव्हेल्म्डनंतर बाय, म्हणजे नेमकं काय अंगावर आलंय ते. माणूस स्ट्रेस्ड असतो, काम स्ट्रेसफुल असतं. ‘आय ॲम स्ट्रेसफुल’ म्हणणारा नकळत सांगतो की माझ्यामुळे दुसऱ्यांना ताण येतो. ‘टेन्स्ड’ ऐकलं की मी थांबवतेच, मनःस्थितीसाठी शब्द ‘टेन्स’ आहे. बर्नआउट तर कुणीही कशालाही लावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात तो फक्त कामाच्या संदर्भात आहे, आणि तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही.

त्या दिवशी एक विद्यार्थी उठून म्हणाला, ‘आय ॲम डिप्रेस्ड.’ शेजारणीने लगेच सुधारलं, “सॅड म्हणा हो, डिप्रेस्ड फार मोठं होतं.” एरवी मीही तेच सांगते. पण हा गृहस्थ प्रत्येक वाक्य घरून तयार करून आणणारा. मी विचारलं, कधीपासून? ‘आय ॲम नॉट स्लीपिंग सिन्स वन मंथ.’ मग जेवण जात नाही, मित्रांचे फोन घेत नाही, हेही आलं. मोडक्या इंग्रजीत तो सलग बोलत गेला. मराठीत त्याने हे वर्गात सांगितलं असतं, असं मला वाटत नाही.

तास संपल्यावर तो थांबला. “मॅडम, ऑफिसची समुपदेशनाची हेल्पलाइन आहे. तिथे इंग्रजीतच बोलावं लागतं. मी फोन केला होता. त्यांनी हाऊ आर यू विचारलं आणि माझ्या तोंडून फाइन, थँक यू निघून गेलं. पुढे काही सुचेना, ठेवून दिला.”

‘फाइन, थँक यू’ आम्ही पहिल्याच आठवड्यात घोकून घेतो. झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं पाहिजे इतकं.

आम्ही बसून वाक्यं बांधली. ‘आय हॅव बीन फीलिंग लो फॉर अ मंथ. आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल. आय कान्ट कॉन्सन्ट्रेट ॲट वर्क.’ डिप्रेस्ड हा शब्द त्यांना ठरवू द्या, तुम्ही किती दिवस ते आधी सांगा, असं मी म्हटलं. नैराश्याच्या निदानात लक्षणं जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे आहेत का, हे पाहिलं जातं. म्हणजे त्या वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग ‘फॉर अ मंथ’. मराठीत ‘महिनाभर झोप लागत नाहीये’ म्हटलं की भागतं, चालू वर्तमानकाळ पुरतो, म्हणून आपली माणसं तिथेच अडखळतात. आणि आमच्या पुस्तकात हा ‘हॅव बीन’चा काळ भावनांच्या धड्यानंतर कितीतरी धडे पुढे येतो, उदाहरण काय तर सकाळपासून पाऊस पडतोय!

‘सिन्स वन मंथ’ म्हटलं असतं तरी पलीकडच्याला कळलंच असतं. त्या अवस्थेत त्याचं व्याकरण सुधारावं का, यावर मी अजून विचार करते. पण वाक्य बरोबर आहे याची खात्री झाल्याशिवाय तो परत फोन लावणार नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हेल्पलाइनची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याशी मराठीतच बोला, हेही बजावलं.

पुढच्या तासाला त्याने एवढंच सांगितलं की फोन झाला, भेटीची वेळ मिळाली. त्यापुढे मी विचारलं नाही, तो माझा प्रांत नाही.

धड्यांचा क्रम बदलायला आमचे समन्वयक तयार नाहीत. परीक्षा त्याच क्रमाने होते म्हणतात. माझ्या तुकडीत मात्र चेहऱ्यांच्या चित्रांबरोबरच आता ‘हॅव बीन’ शिकवलं जातं.