तेरावा टोला

लेकीला गेल्या महिन्यात कांजिण्या आल्या. अकरा वर्षांची पोर, परीक्षा संपलेली, खाली मैत्रिणींचा दंगा चाललेला आणि ही कडुलिंबाच्या पाल्यावर पडून. मोबाईल तरी किती द्यायचा? म्हणून कपाटातून 'टॉम्स मिडनाइट गार्डन' काढलं. फिलिपा पिअर्सची १९५८ सालची मुलांसाठीची कादंबरी, कार्नेगी पदक मिळालेली. हीच काढण्याचं कारण एवढंच की तिच्यातल्या टॉमच्या भावाला गोवर येतो. टॉमला लागण होऊ नये म्हणून त्याची सुट्टीभर नातेवाइकांच्या फ्लॅटवर रवानगी होते. लेकीला सोबत मिळाली म्हणायची.

इंग्रजी पान बघायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं, असं वाचन. सुरुवात जरा रेंगाळते, तिथं मी सरळ पानं गाळली. पण एका रात्री खालच्या मजल्यावरचं लंबकाचं मोठं घड्याळ तेरा टोले देतं, टॉम खाली उतरून मागचं दार उघडतो आणि दिवसा जिथं कचऱ्याचे डबे ठेवलेलं अंगण असतं तिथं भलीमोठी बाग! बागेत हॅटी नावाची मुलगी. काळ व्हिक्टोरिया राणीचा. यंत्र नाही, बटणं नाहीत. नुसतं एक बिघडलेलं घड्याळ.

इथं पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "तेरा? त्या बाईला घड्याळातलं काय कळतंय?"

आमचे आण्णा. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तसं बंद केलं, पण भिंग अजून उशाला असतं. मी म्हटलं, "आण्णा, ते घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, टोले तेवढे कायम चुकीचे देतं."

आण्णा उठूनच बसले. "मग कळतंय बाईला."

पुढचा अर्धा तास टॉम बाजूला राहिला. आण्णांनी लेकीला समजावलं: जुन्या घड्याळात काटे फिरवणारी चाकं वेगळी आणि टोले देणारी वेगळी. टोल्याच्या चाकाला एक ते बाराच्या हिशेबानं खाचा असतात. कडी खाचेत पडली की टोले थांबतात. बाराच्या खाचेत कडी पडलीच नाही, तर पुढचा एकचा टोलाही त्याच दमात वाजणार. बारा आणि एक, तेरा. बारा तासांत एकूण टोले ७८, हे पोरीनं लगेच बोटांवर बेरीज करून काढलं.

"दुरुस्त होईल?"

"न व्हायला काय झालं? घटकाभराचं काम."

"नको आण्णा! बाग जाईल ना मग!"

दुसऱ्या दिवसापासून आण्णा खुर्ची घेऊन आमच्याच खोलीत. टॉम आणि हॅटी गोठलेल्या नदीवरून स्केटिंग करत ईली गावापर्यंत जातात आणि तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर चढतात, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. रंकाळा गोठला तर शालिनी पॅलेसपर्यंत घसरत जाता येईल का, यावर चर्चा झाली. खरी गंमत मात्र स्केट्सची. हॅटीनं आपले स्केट्स कपाटातल्या फळीखाली लपवून ठेवायचे, टॉमनं ते त्याच्या काळात तिथूनच काढायचे आणि मग दोघांनी एकाच वेळी तीच जोडी घालून बर्फावर पळायचं! लेकीला हे लगेच पटलं. आण्णांना अजून पटलेलं नाही. "गिऱ्हाइकाचं एकच घड्याळ दोन टेबलांवर कधी बघितलंस का?" असं ते मलाच विचारतात, जणू मी लिहिलंय.

शेवट सांगत नाही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंवर लक्ष ठेवा, एवढंच. शेवटचं पान वाचताना माझा आवाज बसला, आणि आण्णा चष्मा पुसायचं निमित्त करून बाहेर गेले.

परत आले ते दुकानाचं जुनं पावतीपुस्तक घेऊन. मंगळवार पेठेतला आमचा वाडा पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हा लेकीचा जन्मही नव्हता. तिनं विचारलं होतं, आपल्या मागच्या दाराबाहेर काय होतं? आण्णांनी थरथरत्या हातानं पावतीच्या पाठीवर परडं काढलं. हा शेवगा. हा म्हशीचा खुंटा. इथं धुण्याचा दगड. आणि इथं विहीर, आत कासव होतं.

लेकीनं कागद फिरवून फिरवून बघितला, खिडकीतून खाली पार्किंगकडे बघितलं, परत कागदाकडे.

"बाबा, आपली ॲक्टिव्हा विहिरीत लावतोय आपण."