रविवारच्या मिसळीसाठी घरचे लादी पाव

पाव घरी करायचा तर लादीच लावावी. सुटे बन भाजले की त्यांना चहूबाजूंनी कवच धरतं. लादीत गोळे एकमेकांना टेकून फुगतात, त्यांच्या बाजू झाकलेल्या राहतात, आणि जोडी मोडताना जी लुसलुशीत, धागे सुटणारी कड दिसते ती या दाटीमुळेच. शिवाय लादी म्हणजे एका दमात १६ पाव. दोघांच्या नाश्त्याला ते फार होतात, पण घरची चार आणि मित्रमंडळींपैकी चार माणसं मिसळीला बसली की एकही उरत नाही. म्हणून हा पदार्थ रविवारचा.

पोर्तुगीजांबरोबर पाव गोव्यात रुजला, तेव्हा तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, पीठ फुगवायला माडाची सूर (ताडी) वापरत. गोव्याकडचे बेकरीवाले आणि इराणी यांनी मुंबईत भट्ट्या घातल्या, आणि तो पाव पुढे मिसळीच्या ताटलीत येऊन बसला. विटांच्या भट्टीचा तळ घरच्या ओव्हनपेक्षा कितीतरी तापलेला असतो, एका वेळी शेकडो पाव आत असल्याने वाफही कोंडते. तो खरपूसपणा ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, येत नाही आणि त्यामागे लागूही नये. घरच्या पावाचं बलस्थान वेगळं आहे: ताजेपणा, दुधा-लोण्याचा मऊपणा, आणि रात्रभर सावकाश फुगलेल्या पिठाची चव.

वेळेचं गणित जेवायच्या वेळेपासून मागे मोजत यावं. मंडळी १० वाजता बसणार असतील तर पाव ९.३५ ला ओव्हनबाहेर हवा, कारण निवायला २०-२५ मिनिटं द्यावीच लागतात. म्हणजे ९.१५ ला लादी आत, ९ ला ओव्हन सुरू. त्याआधी दीड तास दुसरं फुगणं, म्हणजे गोळे ७.३० च्या सुमारास वळून झालेले हवेत. पीठ सकाळी मळायचं तर पहाटे ५ ला उठावं लागेल. त्यापेक्षा शनिवारी रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवणं केव्हाही चांगलं. मटकीही याच हिशेबाने: शुक्रवारी रात्री भिजत घाला, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, रविवारी सकाळी मोड तयार. उन्हाळ्यात मोड शनिवारी रात्रीच निघतात. मग तेव्हाच फ्रीजमध्ये ठेवून द्या, बाहेर राहिले तर वास येतो. तर्री शनिवारीच करून ठेवली तर मुरून जास्त चविष्ट लागते.

आता प्रमाण. ९ इंची (२३ सेंमी) चौकोनी टिनसाठी ५०० ग्रॅम मैदा, २०० मिली पाणी, ११० मिली दूध, ३० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी, ९ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. बाजारचं खारं बटर घेतलं तर मीठ ८ ग्रॅम पुरे. त्याच दिवशी मळून भाजायचं असेल तर यीस्ट ७ ग्रॅम घ्या. हे सगळं वजनकाट्यावरच मोजा. वाटीने मैदा घेतला की दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत सहज २० ग्रॅमचा फरक पडतो, चार वाट्यांत तो ८० ग्रॅम होतो, आणि मग पाव दगड झाला की बिचाऱ्या यीस्टला दोष जातो. मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा पाहा. १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम असेल तर उत्तम. ८-९ असेल तर तो मैदा नानकटाईला ठेवा.

यीस्टची खात्री नसेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून १० मिनिटं ठेवा. वर जाड फेस आला तर ते जिवंत आहे. फेस नाही तर पाकीट टाकून द्या, जास्त घालून काही साधत नाही. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीझरमध्ये ठेवावं. दूध आणि पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच हवं, ४० अंशांच्या आत. उकळतं दूध थोडं थांबून ओतलं की यीस्ट मरतं आणि पीठ रात्रभर तसंच पडून राहतं. एप्रिल-मे महिन्यांत तर उलट फ्रीजमधलं गार पाणी घ्यावं. नाहीतर मळून होईपर्यंतच पीठ फुगायला लागतं.

परातीत मैदा, साखर, यीस्ट एकत्र करा, मीठ घाला, दूध-पाणी ओतून नुसतं कालवा आणि झाकून १० मिनिटं सोडून द्या. लोणी अजून घालायचं नाही. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळून त्यांची जाळी विणली जायला हवी. स्निग्ध पदार्थ आधी घातला तर तो कणांना वेढतो आणि जाळी धरायला उशीर होतो. या १० मिनिटांत निम्मं मळणं आपोआप होतं.

मग मळायला घ्या. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पीठ हाताला चिकटतं, परातीला चिकटतं, आणि हात आपसूक मैद्याच्या डब्याकडे जातो. तो मागे घ्या. वरून घातलेला प्रत्येक मूठभर मैदा पाव घट्ट करतो. त्याऐवजी तळहाताने पीठ पुढे ढकला, दुमडा, परात थोडी फिरवा, पुन्हा ढकला. ७-८ मिनिटांत चिकटपणा स्वतःहून कमी होतो, कारण सुटं पाणी पीठ शोषून घेतं. आता लोण्याचे तुकडे दोन-तीन वेळा विभागून घाला. पीठ एकदम बुळबुळीत होईल, फाटल्यासारखं दिसेल. मळत राहा, ५ मिनिटांत ते पुन्हा एकजीव होऊन चमकायला लागतं. घरात दोन-तीन जण असतील तर आळीपाळीने मळा, एकाच्या मनगटावर भार येत नाही. झालं की नाही हे पाहायला सुपारीएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता आला तर मळणं पुरं झालं. लगेच आणि वेड्यावाकड्या कडांनी फाटला तर आणखी ४-५ मिनिटं.

तेलाचा हात लावलेल्या मोठ्या डब्यात गोळा ठेवा. पीठ दुप्पट होणार आहे, तेवढी जागा हवी. हिवाळ्यात अर्धा तास बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात थेट फ्रीजमध्ये. कोमट पीठ आतून गार व्हायला दोन तास तरी घेतं आणि तेवढ्यात फुगत राहतं, म्हणून गच्च भरलेल्या फ्रीजच्या दारात तो डबा ठेवू नका, आतल्या बाजूला ठेवा. ८ ते १२ तास उत्तम. २४ तासांच्या पुढे आंबटपणा यायला लागतो.

रविवारी सकाळचं काम मुलांना द्यावं, त्यांना ते मनापासून आवडतं. गार पीठ हाताळायला सोपं असतं. ते दाबून हवा काढा आणि ५५ ग्रॅमचे १६ तुकडे करा. काटा मुलांकडे द्या, १ ग्रॅमही इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. वळताना मात्र एक गोष्ट त्यांना नीट दाखवा: लाडू वळतो तसं दोन तळहातांत फिरवून चालत नाही. त्याने गोळा गोल होतो, पण त्याची त्वचा ताणली जात नाही, आणि असा गोळा वर न चढता आडवा पसरतो. ओटा कोरडा हवा, त्यावर ना पीठ ना तेल. तुकड्याच्या कडा खालच्या बाजूला गोळा करून चिमटा, चिमटलेली बाजू ओट्याला टेकवा, वर हाताचा पिंजरा करा आणि बोटं ओट्याला लावून गोळा जागच्या जागी फिरवा. ओट्याची पकड खालचं पीठ धरून ठेवते आणि वरची त्वचा तणावते. ५-६ फेऱ्यांत गोळा उंच, गुळगुळीत होतो आणि बोटाने हलकं दाबलं तर टणकन वर येतो. ओट्यावर पीठ असेल तर गोळा नुसता घसरतो.

लोणी लावलेल्या टिनमध्ये चार ओळींत चार-चार गोळे ठेवा. मध्ये बोटभर फट राहील, ती फुगताना भरते. ओलं फडकं झाका. ते गोळ्यांना टेकलं तर चिकटतं, म्हणून टिनवर ताणून बसवा. मुंबईच्या दमटपणात सव्वा तासात लादी तयार होते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात दोन तासही लागतात. तेव्हा बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याची वाटी ठेवून शेजारी टिन ठेवा. परदेशातल्या थंड स्वयंपाकघरात ओव्हनचा नुसता दिवा लावला तरी पुरेशी ऊब मिळते. तिकडे ब्रेडसाठीचं खास पीठ मिळतं, त्यात प्रथिनं जास्त असल्याने पाणी २०-२५ मिली वाढवावं लागतं.

घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. ओल्या बोटाने एका कडेच्या गोळ्याला हलका खळगा पाडा. तो लगेच भरला तर अजून थांबा. घाई केली तर भाजताना पाव बाजूने फाटेल आणि आतून गच्च राहील. सावकाश, अर्धवट भरला तर वेळ झाली. मुळीच भरला नाही, उलट गोळा बसायला लागला, तर पीठ जास्त फुगलं. असा पाव ओव्हनमध्ये खाली बसतो आणि त्याला यीस्टचा उग्र वास येतो. गोळे काढून हवा दाबून पुन्हा वळा, ४० मिनिटं ठेवा. न्याहारीला उशीर होईल, पण पाव वाचेल. वीज ऐन वेळी गेली तर टिन सरळ फ्रीजमध्ये सरकवा, तासभर तरी निभावतं.

ओटीजी २०० अंशांवर, खालच्या-वरच्या दोन्ही रॉडवर, १५ मिनिटं तापवा. आकड्यावर पूर्ण विसंबू नका, अनेक ओटीजींत १५-२० अंशांचा फरक असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्या, मी तर यीस्टच्याही आधी तो घ्यायला सांगेन. गोळ्यांना दुधाचा हलका हात लावा, टिन मधल्या कप्प्याच्या एक खाली ठेवा, १८ ते २० मिनिटं. १२ मिनिटांनंतर वरचा रंग गडद व्हायला लागला तर फॉइल झाका. फिकट अ‍ॅल्युमिनियमचा टिन सर्वात चांगला. काळ्या नॉनस्टिक टिनमध्ये तळ लवकर करपतो, तेव्हा १९० ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १९० वर, बुटक्या स्टँडवर आणि फक्त कन्व्हेक्शन मोडमध्येच, कारण टिन धातूचा आहे.

ओव्हन पुरेसा तापला नसेल तर पावाला रंग यायला अर्धा तास लागतो, तोवर ओलावा उडून कवच टणक होतं. कडक पावाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र दुसऱ्या खेपेला तापमान आणखी कमी करतात. रंग अगदीच फिकट आणि चव सपक लागली तर समजा मीठ घालायचं राहिलं. मीठ यीस्टला लगाम घालतं. ते नसेल तर यीस्ट साखर संपवून टाकतं आणि पीठही ढिलं, चिकट राहतं.

बाहेर काढल्या काढल्या वरून लोणी फिरवा आणि कोरडं फडकं झाका, वाफेने कवच मऊ होतं. १० मिनिटांनी लादी जाळीवर काढा, टिनमध्येच राहिली तर तळाला घाम धरून ती ओली होते. गरम पाव मोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, मुलांना जरा जास्त. पण आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, दाबला की गोळा होतो आणि दाताला चिकटतो. या वेळात फरसाण काढा, कांदा चिरा, लिंबं कापा, पाहुण्यांपैकी कोणाला तरी तर्री गरम करायला लावा. लादी मात्र कापून ठेवू नका. अख्खी ताटात मधोमध ठेवा आणि ज्याची त्याला तोडून घेऊ द्या.

ओव्हन तापलेलाच आहे तर संध्याकाळच्या चहासाठी नानकटाईची सोय आताच करावी. १०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम बारीक रवा, ८५ ग्रॅम तूप, ७० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची, किंचित मीठ. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाची नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. तूप-साखर पांढरीशुभ्र होईस्तोवर फेटा, चाळलेली पिठं हलक्या हाताने मिसळा, मळू नका. १४ गोळे करून किंचित दाबा, १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. पाव काढल्यावर ओव्हनचं दार दोन मिनिटं उघडं ठेवलं तर तापमान उतरतं. भाजून निघालेली नानकटाई मऊच लागते. ती कच्ची आहे असं समजून पुन्हा आत ढकलू नका. तळ फिकट बदामी दिसला की झालं, निवताना ती खुसखुशीत होते. पाहुण्यांना डब्यात द्यायची तर पूर्ण गार होऊ द्या, कोमट असताना झाकण लावलं तर संध्याकाळपर्यंत मऊ पडते.

चुकून पाव उरले तर फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे ते बाहेरपेक्षा लवकर शिळे होतात. सोमवारच्या डब्यासाठी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, त्यापुढे टिकवायचे तर जोडी-जोडी करून फ्रीझरमध्ये टाका. हवे तेव्हा थेट तव्यावर, लोण्याचा हात लावून, झाकण ठेवून मंद आचेवर ५ मिनिटं.