माझ्या समक्ष

हक्कसोडपत्राच्या, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदाच्या, तळाशी अंगठा होता आणि माझ्या अशील आक्का म्हणत होत्या, "माका सही करूक येता गो बाय, मी अंगठो कित्याक देऊ?"

देवगडकडची आंब्याची बाग, तीन भाऊ आणि मुंबईत दिलेली ही एक बहीण. मुळात जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, नोटरीच्या शिक्क्याने हिस्सा हलत नाही. पण आमच्याकडे 'नोटरी केलंय' म्हटलं की पुढे कोणी बोलत नाही. तो कागद फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या नावबदलाला, जोडला गेला आणि नोंद मंजूरही झाली. कशी, ते मला विचारू नका.

दोषारोपपत्रासोबत नोटरीचं रजिस्टर कोर्टात आलं. परवानगी घेऊन ते बघायला बसले तो दिवस डोक्यातून जात नाही. रजिस्टरात अनुक्रमांक, तारीख, पक्षकाराची सही अशी ओळीने नोंद असते. आमची नोंद दोन ओळींमधल्या फटीत कोंबलेली, आधीच्या आकड्याला 'अ' जोडून, वेगळ्या शाईत. मग मुद्रांक उलटला. पाठीमागे विक्रेत्याने टाकलेली तारीख दस्ताच्या तारखेनंतरची! म्हणजे कागद विकत घेण्याआधीच त्यावर अंगठा उठला होता. तपास अधिकाऱ्याने पंचनाम्यात अंगठ्याचं वर्णन चार ओळी केलं होतं, पण कागद उलटून बघायचं सुचलं नव्हतं. आणि दस्ताच्या तारखेला आक्का विरारला, लेकीच्या सिझेरियनच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही करत होत्या. पूर्ण नाव, वळणदार अक्षर.

एजंट गठ्ठा आणून टाकतो, साहेब जेवणाआधी शिक्के मारून मोकळे होतात. 'माझ्या समक्ष' हे शब्द शिक्क्यातच असतात. माणूस समोर हवाच असं कोणाला वाटत नाही.

घटना जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून जुनी भादंवि, म्हणजे भारतीय दंड विधान, लागली. त्यातलं बनावट दस्ताचं कलम ४६७ सिद्ध झालं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. भावांवर आणि नोटरीपुढे 'याच आक्का' अशी ओळख देणाऱ्यावर प्रोसेस, म्हणजे कोर्टात हजर राहण्याचा हुकूम, निघाली. नोटरीचं नाव आलं आणि त्यांचे वकील उठले: नोटरी कायदा १९५२, कलम १३. नोटरीने कामाच्या ओघात, किंवा तसं काम करत असल्याच्या आविर्भावात केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला थेट घेता येत नाही. सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. मी म्हटलं, बाई समोर आलीच नाही, तर काम कसलं? कोर्टाने ऐकलं नाही. गंमत अशी की नोटरी नसताना नोटरी म्हणून मिरवणाऱ्याला हे कवच नाही. त्याला कलम १२ आहे आणि तुरुंगही.

आक्कांना समजावताना माझीच जीभ अडखळली. "म्हणजे शिक्को मारणारो सुटलो?" सुटला नाही, थांबलाय, असं मी म्हणाले. नोटरी नियमांतल्या नियम १३ खाली गैरवर्तनाची तक्रार सरकारकडे केली आहे. त्यात फार तर प्रमाणपत्र जाईल.

बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "अगो, उद्या हरलेला पक्षकार तुझ्या नावाने बोंबलत पोलिसांत गेला, तर हेच कलम तुला वाचवील." खोटं नाही ते. नोटरीसाठी माझाही अर्ज भरून तयार आहे, टेबलाच्या खणात. तरी ओरोसच्या जिल्हा कोर्टात त्या आदेशाविरुद्ध रिव्हिजन दाखल केलंय, सोमवारी तारीख आहे. रजिस्टरच्या त्या पानाची रंगीत प्रत जोडली आहे. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन शाया एकच दिसतात.