कामार्गमध्ये आईसोबत एक दिवस: रोहित, भातखाचरं आणि मिस्त्राल

"ऐरोलीला बोटीत बसून रोहित (फ्लेमिंगो) बघितलेत की आपण. तेच बघायला आता फ्रान्सच्या टोकाला कशाला?" आईचा प्रश्न रास्त होता. ती ठाण्याहून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे ल्योंला आली होती आणि मी तिला गाडीत घालून तीन तास दक्षिणेला आर्लला घेऊन चालले होते. ठाणे खाडीत येतात ते बहुतेक छोटे रोहित, इथे आहेत ते मोठे, असं मी सांगून बघितलं. तिला ते फारसं पटलं नाही.

आर्लपाशी रोन नदीचे दोन फाटे होतात, ग्राँ रोन आणि पेती रोन. हे दोन फाटे आणि भूमध्य समुद्र यांच्यामधला त्रिकोण म्हणजे कामार्ग. मधोमध वाकारेस नावाचं उथळ खाजण, भोवती वेताची बनं, मिठागरं आणि भातशेती. पक्षी बघायचे तर एप्रिलचा शेवट ते मे संपेपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आम्ही मेच्या मध्यावर गेलो. 24 आणि 25 मे हे दोन दिवस मात्र टाळा. त्या वेळी समुद्रकाठच्या साँत-मारी-द-ला-मेर गावात रोमा (जिप्सी) लोकांची मोठी यात्रा भरते, रस्ते तुंबतात, राहायला खोली मिळत नाही. अर्थात यात्राच बघायची असेल तर जरूर जा. ते जिला मानतात त्या संत स्त्रीचं नाव आहे सारा ला काली. त्यांच्या भाषेत 'काली' म्हणजे काळीच, कारण त्या भाषेची मुळं आपल्याकडचीच. हे सांगितल्यावर आई पहिल्यांदा खुशीत आली.

कामार्गला जाणारे बहुतेक जण सरळ पश्चिमेच्या रस्त्याने समुद्रावर जातात. माझा सल्ला उलटा: सकाळ वाकारेसच्या पूर्वेला घालवा. सूर्य पाठीशी राहतो, आणि समोरच्या पाण्यावरचे पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या न दिसता रंगांसकट दिसतात. आम्ही सहाला आर्ल सोडलं आणि डी 36 वरून पुढे डी 36 बी या अरुंद रस्त्याला लागलो. पेट्रोल, पाणी, खाणं सगळं आर्लमध्येच घ्या. पुढे दुकानं नावालाच आहेत. आईने दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती म्हणून आमचं निभावलं.

खरी मजा वाकारेस दिसायच्या आधीच सुरू झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेली खाचरं, त्यात लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर चिखलणी करतोय आणि मागे पांढऱ्या कुरव पक्ष्यांचं लटांबर. "अगं, ही तर आपली कोकणातली शेतं!" आई काच खाली करून म्हणाली. मग तिचे प्रश्न सुरू झाले. रोपं कुठेत? लावणी कधी? लावणी नसते, पाण्यातच बी फेकतात, हे ऐकून तिने नाक मुरडलं. इथे भात वाढला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. फ्रान्सने युद्धकामासाठी इंडोचायनातून मजूर आणले होते, त्यांच्यातल्या काहींना इथे भातशेतीला लावलं. खाचरात भरलेलं गोडं पाणी जमिनीतलं मीठ खाली ढकलतं, म्हणून खारवट मातीतही पीक येतं. पक्ष्यांना नेमक्या विणीच्या दिवसांत हजारो एकर उथळ पाणी आयतं मिळतं.

एकाच खाचराशी आम्ही तासभर थांबलो. लांब पायांच्या शेकाट्या जोडीजोडीने, मोर शराटी, आपल्या वंचक बगळ्याचा युरोपातला भाऊ, पाण्यावर झेपावणारे सुरय, आणि विजेच्या तारेवर ओळीने बसलेले वेडे राघू. हे आपल्या अंगणातल्या हिरव्या वेड्या राघूंपेक्षा चांगलेच मोठे, पाठ तांबूस, गळा पिवळा. थोडं पुढे एका जुन्या पॉप्लरच्या ढोलीपाशी युरोपियन नीलपंख दिसला. हाच पक्षी पावसाळा सरता सरता आफ्रिकेच्या वाटेवर पश्चिम भारतातून जातो, पण माझ्या वाट्याला तिकडे कधी आला नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडीतून उतरू नका. गाडी हीच सगळ्यात चांगली लपणजागा. आम्ही गाडीत बसून होतो तोवर शेकाट्या दहा हातांवर चरत होत्या, मी दार उघडलं आणि सगळं खाचर उडालं. बांधांवर चालायचं नाहीच, ती खासगी शेतं आहेत. रस्ता अरुंद, म्हणून गाडी लावताना ट्रॅक्टरला जागा ठेवा.

ला कापेल्येर इथे निसर्ग राखीव क्षेत्राचं माहिती केंद्र आहे. छोटीशी वाट, मध्ये लपून बघायच्या झोपड्या. उघडायच्या वेळा आधी बघून जा. आम्हाला तिथे जांभळा बगळा, तळ्याकाठी ऊन खात बसलेली कासवं आणि वेतावरून तरंगत जाणारा मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी मिळाला. सेटीज वॉर्बलर हा चिमुकला पक्षी दर दहा पावलांवर झुडपातून ओरडायचा, दिसला एकदाही नाही. जवळच तूर द्यु वाला ही पाणथळींवर संशोधन करणारी संस्था आहे, ल्यूक हॉफमान यांनी 1954 मध्ये काढलेली. पाणथळी वाचवायला देशादेशांत करार हवा, हा विचार पुढे आला तो त्यांनीच साँत-मारीत 1962 मध्ये भरवलेल्या परिषदेत. त्यातून 1971 चा रामसर करार झाला, आणि 2022 मध्ये त्या करारातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आपली ठाणे खाडी गेली. आई हे ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपली खाडी यांच्या चुलत घरातली."

पुढचा बेत फसला, आणि चूक माझीच. समुद्राला घातलेल्या जुन्या बांधावरून गाड्यांना बंदी आहे, तिथे चालायचं असं मी ठरवलं होतं. पण अकराच्या सुमारास मिस्त्राल सुटला. हा उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून येणारा कोरडा, थंड वारा. अंदाजात तो लिहिलेला होता, मी वाचूनही सोडून दिला. तिवईसकट दुर्बीण आडवी झाली, आईचा स्कार्फ तारेच्या कुंपणात अडकला, पक्षी वेतात दडून बसले. अर्धा किलोमीटर जाऊन परत फिरलो. मिस्त्रालचा एकच फायदा: तो असेपर्यंत डास नसतात. तो पडला की ते वसुलीला येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम न्याच. आईने ठाण्याहून आणलेली ट्यूब मी सकाळी हसण्यावारी नेली होती, संध्याकाळी मीच ती मागून घेतली.

दुपार वाकारेसला उत्तरेकडून वळसा घालून पश्चिमेला येण्यात गेली. संध्याकाळसाठी साँत-मारीच्या अलीकडचं पाँ-द-गोचं पक्षी उद्यान. तिकीट आहे, पण पक्षी सगळे मोकळे, जंगली. वाट सपाट, बसायला बाकं. गुडघे दुखणाऱ्या माणसांना घेऊन जायला याहून सोयीची जागा या भागात नाही. वेळ कमी असेल तर पहिलाच फेरा सावकाश करा, बहुतेक पक्षी तिथेच असतात. झाऊच्या झाडांवर बगळ्यांची सारंगागार म्हणजे घरट्यांची वसाहत, पिल्लांचा कलकलाट, त्याचा वाससुद्धा आपल्या ओळखीचा.

आणि रोहित. पंधरा-वीस पावलांवर, मान उलटी करून गाळ चाळणारे. त्यांची वीण मात्र या उद्यानात होत नाही. 1970 मध्ये कामार्गमधल्याच फांगासिए तळ्यात त्यांच्यासाठी मातीचं बेट बांधलं, ते त्यांनी 1974 मध्ये स्वीकारलं. अलीकडे वसाहत एग-मॉर्तच्या मिठागरांकडे सरकली आहे. तिथे लोकांना जाऊ देत नाहीत, तेव्हा घरटी बघण्याच्या आशेने येऊ नका. पण 1977 पासून पिल्लांच्या पायात अक्षरांची प्लास्टिकची कडी घालतात आणि ती इथे वाचता येतात. कडं वाचून कळवलं की तो पक्षी कधी जन्मला, कुठे कुठे दिसला, हे कळतं.

आई बाकावर बसून दुर्बिणीतून कडी शोधत होती. तीन सापडली. दोघांचे पाय पाण्यात, तिसऱ्याची चार अक्षरं तिने मोठ्याने वाचली आणि मी लिहून घेतली. वारा पडला होता. "डास आले," ती म्हणाली, पण दुर्बीण काही खाली ठेवली नाही.