नाव खरं, तरी अटक

आठवडी बाजाराच्या संध्याकाळी एका पारधी म्हातारीचा फोन आला. "ताई, पोराला धरलंय. नाव सांगितलं तर म्हणत्यात, थट्टा करतो."

मी वकील. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवर असल्यामुळे पालांवरची, म्हणजे भटक्यांच्या तंबूवजा झोपड्यांतली, माणसं मला ओळखतात. फासेपारध्यांत मुलांना बॅरिस्टर, पिस्तुल्या अशी नावं ठेवायची रीत जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेरीशी गाठ पडली, तीच नावांत उतरली, असं जुनी माणसं सांगतात. या पोराचं नावही एका सरकारी हुद्द्याचं. ते इथे लिहीत नाही.

बाजारात जागेवरून भांडण झालं होतं. शिवीगाळ, धक्काबुक्की. समोरच्या दुकानदाराने तक्रार दिली आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. अशा अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. मात्र आरोपी नाव-पत्ता सांगायला नकार देत असेल, किंवा सांगितलेला खोटा वाटायला कारण असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक करता येते. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२ होतं. पोराने नाव सांगितलं, ठाणे अंमलदार हसले, आणि दुसऱ्यांदा तेच नाव ऐकल्यावर चिडले.

मी पोचले तेव्हा तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, शर्टाची बाही खांद्यापाशी उसवलेली.

"मॅडम, आधार आणा, लगेच सोडतो," अंमलदार म्हणाले.

आधार नव्हतंच. आणि कलमात कुठल्याही कार्डाचा उल्लेख नाही. नाव आणि राहण्याचं ठिकाण यांची खात्री करायची, खात्री झाली की बंधपत्र घेऊन सोडायचं. चोवीस तासांत झाली नाही, तर मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. वाहन चालवणाऱ्याला पोलिसांनी मागितलं तर लायसन्स दाखवावं लागतं, ते मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. पण बाजारात पायी फिरणाऱ्याने खिशात ओळखपत्र बाळगलंच पाहिजे, असा सरसकट कायदा या देशात नाही. मी अटकेची वेळ स्टेशन डायरीत घ्यायला लावली. इथे आवाज चढवावा लागला, आणि मी तो चढवला.

म्हातारीने कमरेची पिशवी सोडली. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गुंडाळलेला आश्रमशाळेचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. घड्यांवर विरलेला, पण शिक्का स्पष्ट होता. विद्यार्थ्याचं नाव: तेच.

बंदोबस्तावरून परतलेल्या फौजदारांनी तो उभ्यानेच वाचला. मुख्याध्यापकांना फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि अंमलदारांना म्हणाले, "जातमुचलका घ्या." म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीचं बंधपत्र. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर पुन्हा गाडी अडली, कारण घर नंबर नाही. शेवटी गावाचं नाव, त्यापुढे 'गायरानातील पाल' असं लिहून घेतलं. मला तो माणूस आवडला. कायदा वाचणारा एक अधिकारी असला तरी ठाण्यातली रात्र बदलते.

अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६ सांगतं. अटकेचे नियम घालून देणाऱ्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच ते बजावलं होतं. पोराला बाजारातून आणणाऱ्या शिपायाच्या शर्टावर नावाची पट्टी नव्हती. त्याला कुणी नाव विचारलं नाही.

बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, तिच्या आजाला सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड रोज हजेरी द्यावी लागायची. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली आला आणि १९५२ साली देशभर रद्द झाला; त्याच कायद्याखाली अशा सेटलमेंट, म्हणजे कुंपणाआडच्या वसाहती, होत्या. तिच्या घरात ती हजेरी अजून बोलण्यात येते.

दुकानदार एनसी घेऊन कोर्टात गेलाच नाही. मी पोराच्या रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. गायरानात राहणाऱ्याला दाखला देता येत नाही, असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी द्या म्हटलं, ते अजून दिलेलं नाही. आता अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे नेते आहे.